वैयक्तिक संकेतस्थळाची साधी मांडणी: आधी मजकूर, मग रकाने

स्वतःचे संकेतस्थळ करायचे ठरले की बहुतेक जण आधी तयार थीम चाळायला घेतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. डोळ्यांत भरणारी थीम दुसऱ्या कुणाच्या तरी, बहुधा इंग्रजी, मजकुरावर बेतलेली असते. वर पडदाभर छायाचित्र, त्याखाली तीन चौकटी, उजवीकडे एक पट्टी अशा जागा तिने आधीच अडवून ठेवलेल्या असतात, आणि मग त्या भरण्यासाठी आपण जवळ नसलेला मजकूर जमवत बसतो. या लेखात क्रम उलटा धरला आहे. आपल्याजवळ काय आहे ते आधी पाहायचे, एका रकान्यापासून सुरुवात करायची आणि मजकुराने मागितल्याशिवाय दुसरा रकाना काढायचा नाही.

कोल्हापुरातील दोन उदाहरणे सोयीसाठी कल्पून घेऊ. एक आहे शिवाजी पेठेतील चित्रकार. त्याच्याकडे रंकाळा, पंचगंगेचा घाट आणि जुने वाडे यांची तीसेक जलरंगचित्रे आहेत, पण लिहिलेला मजकूर दोन परिच्छेदांपलीकडे नाही. दुसऱ्या आहेत राजारामपुरीतील निवृत्त शिक्षिका. त्यांनी पन्हाळा, जोतिबा, विशाळगड या भागातील भटकंतीवर अनेक वर्षे लेख लिहिले आहेत आणि त्यांच्याकडे छायाचित्रे मोजकीच आहेत. दोघांचीही संकेतस्थळे साधीच असतील, परंतु ती एकसारखी दिसणार नाहीत, आणि दिसूही नयेत.

कागदावरची यादी

संगणक उघडण्याआधी एका कागदावर संकेतस्थळावर जाणारी प्रत्येक गोष्ट लिहून काढावी: परिचय, लेख, चित्रे, प्रदर्शनांची माहिती, संपर्क. प्रत्येक नोंदीपुढे वाचक तिचे काय करणार आहे हे एका शब्दात लिहावे. वाचक एखादी गोष्ट सलग वाचतो, एखादी न्याहाळतो, तर एखादीत हवी तेवढी माहिती शोधून निघून जातो. शिक्षिकाबाईंचे लेख वाचायचे आहेत, चित्रकाराची चित्रे न्याहाळायची आहेत आणि दोघांचा संपर्काचा पत्ता शोधायचा आहे. मांडणीचा निर्णय बराचसा या एका शब्दातच होऊन जातो. सलग वाचायच्या मजकुराला एकच रकाना लागतो, एकमेकांशेजारी ठेवून न्याहाळायच्या गोष्टींना चौकटींची जाळी लागते आणि शोधायच्या माहितीला साधी यादी किंवा तक्ता पुरतो. एका संकेतस्थळावर हे तिन्ही प्रकार असू शकतात, मात्र एका पानावर शक्यतो एकच असावा.

यादीत ‘नंतर कधीतरी लिहीन’ अशा नोंदी असतील, तर त्या या टप्प्यावर खोडाव्यात. रिकाम्या विभागासाठी राखून ठेवलेली जागा संकेतस्थळाला ओसाड रूप देते, आणि असा विभाग पुढे भरला गेलाच तर त्या दिवशी त्याची लिंक जोडायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

काहीही न करता ब्राउझर काय देतो

यादी झाली की खरा मजकूर साध्या एचटीएमएल फाइलमध्ये, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक भागाला खूण लावणाऱ्या भाषेत, टाकावा. शीर्षकाला शीर्षकाची खूण, परिच्छेदाला परिच्छेदाची, यादीला यादीची, आणि सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरवणारे नियम, अजिबात नाहीत. ही फाइल ब्राउझरमध्ये उघडून खिडकी रुंद-अरुंद करून पाहिली की ओळी आपोआप मोडतात, काही कापले जात नाही आणि आडवे सरकवावेही लागत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न या संशोधन संस्थेत पहिले संकेतस्थळ लोकांसाठी खुले केले तेव्हापासून एचटीएमएलचा हा मूळ स्वभाव आहे. पडदा केवढाही असो, मजकूर त्यात मावतो. मावणे बिघडते ते बहुतेक वेळा आपण नंतर घातलेल्या ठाम रुंदींमुळे.

जुनी मार्गदर्शक पुस्तके वाचणाऱ्यांसाठी थोडा इतिहास सांगणे गरजेचे आहे. हॉकॉन व्ह्यूम ली यांनी सीएसएसची कल्पना १९९४ साली मांडली आणि तिची पहिली आवृत्ती १९९६ च्या डिसेंबरात प्रमाण झाली. पण रकाने काढण्याची नीट सोय तिच्यात नव्हती. त्यामुळे लोक आधी तक्त्यांच्या चौकटीत पाने बसवत राहिले आणि नंतर ‘फ्लोट’ वापरू लागले, जे मुळात चित्राच्या बाजूने मजकूर वाहता ठेवण्यासाठी होते. इथन मार्कॉट यांनी २०१० साली पडद्याप्रमाणे बदलणाऱ्या मांडणीला ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव दिले. पुढे गोष्टी ओळीत मांडणारा फ्लेक्सबॉक्स आला, आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम व सफारी या तिन्ही ब्राउझरांत ओळी-रकान्यांची जाळी आखणारी ग्रिड उपलब्ध झाली. म्हणून ज्या मार्गदर्शिकेत आजही रकाने फ्लोटने काढायला शिकवले असेल, ती बाजूला ठेवावी. वैयक्तिक संकेतस्थळासाठी बारा रकान्यांची तयार चौकट देणारी मोठी फ्रेमवर्कही लागत नाहीत.

एक ओळ मात्र पहिल्यापासून हवी. फाइलच्या ‘हेड’ भागात व्ह्यूपोर्टची मेटा खूण घालून रुंदी उपकरणाच्या रुंदीइतकी आणि सुरुवातीचे प्रमाण १ असे सांगावे. ती नसेल तर मोबाइलचा ब्राउझर पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून ते आक्रसून दाखवतो आणि अक्षरे मुंगीएवढी होतात.

एक रकाना, पण आपल्या लिपीच्या मापाने

बहुतेकांचे काम इथेच पूर्ण होते, त्यामुळे या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. इथे उच्चाराप्रमाणे दिलेली सीएसएसमधील नावे फाइलमध्ये रोमन लिपीतच टंकायची आहेत.

पहिला निर्णय रकान्याच्या रुंदीचा. मोठ्या पडद्यावर मजकूर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला की ओळ संपल्यावर डोळ्याला पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही. इंग्रजी मार्गदर्शिका ६५ किंवा ७० ‘सीएच’ रुंदी सुचवतात. पण सीएच हे माप त्या फॉन्टमधील रोमन शून्याच्या रुंदीवरून ठरते, आणि काना-मात्रा व जोडाक्षरे असलेल्या आपल्या शब्दांशी त्याचा फारसा संबंध नाही. मराठीसाठी ‘एम’ हे माप बरे, कारण ते अक्षराच्या आकारावर अवलंबून असते. मुख्य मजकुराच्या चौकटीला मॅक्स-विड्थ ३२ एम द्यावी, डाव्या-उजव्या मार्जिनला ऑटो म्हणावे, म्हणजे रकाना मध्यभागी येतो, आणि आतून दोन्ही बाजूंना १ रेम (ब्राउझरच्या मूळ अक्षराच्या आकाराइतके माप) पॅडिंग ठेवावे, म्हणजे मोबाइलवर अक्षरे कडेला चिकटत नाहीत. मग आपलाच एखादा परिच्छेद पाहून ओळीतील शब्द मोजावेत. दहा ते तेरा शब्द बसत असतील तर रुंदी योग्य आहे. जास्त बसत असतील तर एक-दोन एमने कमी करावी. इथे नुसते ‘विड्थ’ लिहू नये, ‘मॅक्स-विड्थ’च लिहावे. पहिल्याने रकाना एका मापाला जखडला जातो, तर दुसऱ्याने केवळ वरची मर्यादा ठरते आणि लहान पडद्यावर तो मोकळेपणाने आक्रसतो.

दुसरा निर्णय ओळींमधील अंतराचा, आणि इंग्रजीवर बेतलेल्या थीम मराठीवर सर्वांत मोठा अन्याय इथेच करतात. रोमन अक्षरांना वर-खाली फार जागा लागत नाही, म्हणून त्या थीममध्ये शीर्षकाची लाइन-हाइट १.१ किंवा १.२ ठेवलेली असते. शिक्षिकाबाईंच्या एका लेखाचे शीर्षक समजा ‘जोतिबाच्या डोंगरावरून पन्हाळ्यापर्यंतची पायवाट’ असे आहे. मोबाइलवर ते दोन ओळींत मोडते. वरच्या ओळीतील ‘रू’चा दीर्घ उकार खाली लोंबतो, खालच्या ओळीतील ‘र्यं’चा रफार व अनुस्वार आणि ‘ची’ची वेलांटी वर उठतात, आणि दोन्ही एकमेकांत घुसून शीर्षक गिचमीड होते. ज्या चौकटीबाहेरचा भाग लपवण्याची सूचना आहे, तिथे तर वेलांटीचा माथा चक्क छाटला जातो. म्हणून मराठी शीर्षकाला किमान १.४ आणि परिच्छेदाला १.७ च्या आसपास लाइन-हाइट द्यावी. हा आकडा एककाशिवाय लिहावा. पिक्सेलमध्ये लिहिला तर अक्षर मोठे झाले तरी अंतर तेवढेच राहते. परिच्छेदाचे अक्षर १८ पिक्सेलच्या आसपास ठेवावे, कारण ब्राउझरच्या मूळ १६ पिक्सेलमध्ये ‘ष्ट्य’ किंवा ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे दाटतात. आकार लिहिताना मात्र रेममध्ये, म्हणजे १.१२५ रेम असा लिहावा. वाचकाने स्वतःच्या ब्राउझरमध्ये अक्षर मोठे करून ठेवले असेल तर त्या निवडीचा मान राहतो.

लेटर-स्पेसिंग हा गुणधर्म मराठी मजकुरावर वापरूच नये. रोमन शीर्षकात अक्षरे सुटी केल्याने ऐट येत असेल, पण देवनागरीत शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्दाचा शब्दपणाच जातो. तयार थीममध्ये ही सूचना मेन्यूला आणि शीर्षकांना हमखास दिलेली असते. ती शोधून शून्य करावी. दोन्ही कडा सरळ करणारी जुळवणीही टाळावी. मराठी शब्द लांब असतात आणि ब्राउझर ते ओळीच्या शेवटी नीट तोडेलच याचा भरवसा धरता येत नाही, त्यामुळे शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडतात, विशेषतः मोबाइलच्या अरुंद रकान्यात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी असावी.

एचटीएमएलच्या मूळ खुणेत भाषेचा संकेत ‘एमआर’ असा अवश्य द्यावा. अनेक चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात, आणि भाषा मराठी असल्याचे कळले तरच ब्राउझर आपले वळण निवडतो. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही उच्चार कोणत्या भाषेत करायचे ते यावरूनच समजते. फॉन्ट एकच निवडावा आणि त्याची साधी व ठळक अशी दोनच वजने घ्यावीत, कारण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट, तसेच नोटो सान्स देवनागरी आणि टिरो देवनागरी मराठी हे मोफत मिळतात. लांब लेखांसाठी मला टिरोचे छापील पुस्तकासारखे वळण अधिक भावते, मात्र लहान अक्षरांत मुक्त अधिक स्वच्छ दिसतो. शिक्षिकाबाईंचे संकेतस्थळ याच टप्प्यावर जवळजवळ पूर्ण झालेले असते.

वरची पट्टी

पानाच्या माथ्यावर संकेतस्थळाचे नाव आणि चार-पाच लिंक पुरेत: लेख, चित्रे, माझ्याविषयी, संपर्क. एवढ्यासाठी तीन आडव्या रेषांमागे मेन्यू लपवण्याची गरज नाही. लपलेला मेन्यू वाचकाला आधी सापडावा लागतो आणि तो उघडण्यासाठी वेगळी आज्ञावली लिहावी लागते. लिंकच्या यादीला डिस्प्ले फ्लेक्स द्यावे, फ्लेक्स-रॅप सुरू ठेवावे आणि गॅप १ रेम ठेवावा. जागा कमी पडली की लिंक आपोआप दुसऱ्या ओळीत जातात. बोटाने दाबायला प्रत्येक लिंकची उंची ४४ पिक्सेलच्या जवळपास असावी. सुगम्यतेच्या जागतिक निकषांत मधल्या पातळीवर २४ पिक्सेलची किमान मर्यादा आहे, पण उतारवयातील वाचकाच्या बोटाला ती अपुरी पडते. पट्टी वर चिकटवून ठेवू नये. मोबाइल आडवा धरला की ती वाचण्याची निम्मी जागा खाऊन टाकते.

जाळी कधी आणि कशी

चित्रकाराच्या पानावर मात्र एक रकाना अपुरा आहे. तीस चित्रे एकाखाली एक लावली तर घाटावरची सकाळ आणि तिथलीच संध्याकाळ शेजारी ठेवून पाहता येत नाही. इथे मजकूरच दुसरा रकाना मागतो, म्हणून तो द्यावा. चित्रांच्या चौकटीला डिस्प्ले ग्रिड, गॅप १.५ रेम, आणि ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्ससाठी रिपीट, ऑटो-फिल, मिनमॅक्स १६ रेम ते १ एफआर अशी एकच ओळ लिहावी. तिचा अर्थ असा की कोणताही रकाना १६ रेम, म्हणजे सर्वसाधारणपणे २५६ पिक्सेल, यापेक्षा अरुंद होऊ द्यायचा नाही आणि उरलेली जागा सर्वांनी सारखी वाटून घ्यायची. यामुळे ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर एकच रकाना येतो, तर १२८० पिक्सेलच्या पडद्यावर जाळी पूर्ण रुंदीची ठेवली असल्यास चार येतात, आणि वेगवेगळ्या पडद्यांसाठी वेगळे नियम लिहावे लागत नाहीत. पानावरचे दोन परिच्छेद मात्र ३२ एमच्या चौकटीतच राहू द्यावेत. ऑटो-फिलऐवजी ऑटो-फिट लिहिले तर एखाद्या विभागात दोनच चित्रे असताना ती ताणून पडद्याच्या निम्म्या-निम्म्या रुंदीची होतात. चित्रसंख्या कमी असेल तिथे म्हणूनच ऑटो-फिल बरे.

जाळी सुबक दिसावी म्हणून सर्व चौकटी एका उंचीच्या करण्याचा मोह होतो, आणि त्यासाठी ऑब्जेक्ट-फिटला ‘कव्हर’ हे मूल्य दिले जाते. छायाचित्रांच्या बाबतीत ते एक वेळ चालेल, पण रंगवलेल्या चित्राच्या बाबतीत चालणार नाही, कारण ब्राउझर त्याच्या कडा कापतो. आबालाल रहिमान यांच्यासारख्या निसर्गचित्रकाराचा वारसा सांगणाऱ्या या शहरात तरी चित्राची चौकट ही चित्रकाराने विचारपूर्वक ठरवलेली गोष्ट आहे हे वेगळे सांगायला नको. चित्राला मॅक्स-विड्थ १०० टक्के आणि उंची ऑटो द्यावी, उंच-बुटकी चित्रे तशीच राहू द्यावीत आणि प्रत्येकाखाली नाव, माध्यम, मूळ आकार व वर्ष लिहावे. एचटीएमएलमध्ये प्रत्येक चित्राची रुंदी व उंची आकड्यांत नोंदवली की ब्राउझर तेवढी जागा आधीच राखतो आणि चित्रे उतरत असताना पान वर-खाली उड्या मारत नाही. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल तशीच चढवू नये. मोठ्या रूपासाठी १६०० पिक्सेल रुंदी सहसा पुरते आणि जाळीतील लहान रूपासाठी त्याच्या निम्मी.

बाजूची पट्टी आणि तक्ते

बाजूच्या पट्टीबाबत माझे मत स्पष्ट आहे: वैयक्तिक संकेतस्थळाला ती बहुधा लागत नाही. तिच्यात जे जाते, म्हणजे जुन्या लेखांची यादी, वर्गवारी, चार ओळींचा परिचय, ते लेखाच्या खाली ठेवले तर वाचकाला वाचून झाल्यावर, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, भेटते. एखाद्या दीर्घ लेखाला अनुक्रमणिका शेजारीच हवी असेल, तर पडदा ६० एमपेक्षा रुंद असेल तेव्हाच पट्टी दिसेल असा मीडिया क्वेरीचा नियम लिहावा. एचटीएमएलमधील क्रम वाचण्याच्या क्रमासारखाच ठेवावा आणि तो सीएसएसने उलटापालटा करू नये, कारण कीबोर्डने फिरणारा वाचक आणि पडदा ऐकणारा वाचक हे दोघेही मूळ क्रमानेच पुढे सरकतात.

वाटांचे अंतर, चढाई आणि पाण्याची सोय अशी माहिती खरोखरच तक्त्याची असते, तिला तक्ताच द्यावा. मोबाइलवर तो मावला नाही तर त्याच्याभोवती ओव्हरफ्लो-एक्स ऑटो असलेली चौकट घालावी, म्हणजे तेवढा तक्ताच आडवा सरकतो आणि पान जागेवर राहते.

तयार थीमच घ्यायची असेल तर

वर्डप्रेससारख्या व्यवस्थेवर काम करणाऱ्यांनाही हाच क्रम लागू आहे. थीमच्या नमुन्यातील मजकुरावर आणि देखण्या छायाचित्रांवर भाळू नये. आपला सर्वांत लांब लेख, सर्वांत लांब शीर्षक आणि सर्वांत साधे छायाचित्र तिच्यात टाकून पाहावे. दोन ओळींच्या मराठी शीर्षकात उकार-वेलांट्या भिडत असतील आणि ते अंतर बदलण्याची सोय थीममध्ये नसेल, तर ती कितीही सुंदर असली तरी सोडून द्यावी.

तपासणी

ब्राउझरची खिडकी ३२० पिक्सेलपर्यंत अरुंद करून प्रत्येक पान पाहावे; एफ१२ दाबून उघडणाऱ्या साधनांत मोबाइलचे माप निवडता येते. पान आडवे सरकत असेल तर दोषी बहुधा मोठे चित्र, ठाम रुंदी किंवा न मोडणारा लांबलचक दुवा असतो. दुव्यासाठी ओव्हरफ्लो-रॅपला ‘एनीव्हेअर’ हे मूल्य द्यावे. मग अक्षर २०० टक्के मोठे करून काही झाकले जाते का ते पाहावे, आणि माऊस बाजूला ठेवून केवळ टॅब कळीने सर्व लिंकपर्यंत पोहोचता येते का ते तपासावे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील तीव्रतेचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे असा निकष आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे त्यात बसत नाहीत. आकड्यांवर विसंबायचे नसेल तर भर दुपारी रंकाळ्याच्या काठावर उन्हात उभे राहून आपलेच पान मोबाइलवर उघडावे. तिथे परिच्छेद डोळे न ताणता वाचता आला पाहिजे.

शेवटी छपाईचे पूर्वदृश्यही पाहून घ्यावे. भटकंतीचा लेख अनेक जण कागदावर छापून सोबत नेतात, कारण डोंगरात मोबाइलला रेंज असेलच असे नाही. छपाईसाठीच्या नियमांत वरची पट्टी व तळातील लिंक लपवाव्यात, पार्श्वभूमी पांढरी ठेवावी आणि शीर्षक पानाच्या तळाशी एकटे पडणार नाही अशी सूचना लिहावी.